‘चौल’च्या अकरा फळ्या

अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "काका, दिवाळीचा अंक आहे. तुमच्या जहाजावरच्या आठवणी द्या, पण जरा पॉझिटिव्ह लिहा हं." मी हो म्हटलं. या वयात माणूस फोन ठेवण्यासाठी कशालाही हो म्हणतो. लिहायला बसलो तेव्हा कळलं की पॉझिटिव्ह असं काही हाताशी नाही. आहे तो राग आहे, आणि तो मी गेली काही वर्षं नीट सांभाळून ठेवला आहे. ज्यांना करंज्यांबरोबर गोडच वाचायचंय त्यांनी सरळ पुढच्या पानावर जावं.

मी सुतार. आपल्या इंग्लंडातल्या मराठी मंडळात हे सांगितलं की लोक क्षणभर थांबतात. इथे सगळे सॉफ्टवेअर, नाहीतर बँक, नाहीतर डॉक्टर. "म्हणजे फर्निचर डिझाइन का?" असं एका सुनबाईंनी मला गणपतीत विचारलं होतं. नाही हो, सुतार. माझे वडील मुंबईच्या गोदीत सुतार होते, मी त्यांच्या हाताखाली शिकलो, सत्तरच्या दशकात मेहुण्याच्या भरवशावर लेस्टरला आलो, आणि वीस वर्षं इंग्रजांच्या स्वयंपाकघरांत कपाटं बसवली. त्या वीस वर्षांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कपाटाचं दार लागतं किंवा लागत नाही, एवढंच.

मग ‘चौल’ भेटली. कार्डिफहून तासाभरावर एका लहानशा बंदरात हे जुनं लढाऊ जहाज उभं होतं, शिडांच्या जमान्यातलं. एक ट्रस्ट त्याची डागडुजी करत होता आणि त्यांना सागाच्या कामाची सवय असलेला माणूस हवा होता. इंग्लंडात ओकवर काम केलेले सुतार ढिगाने मिळतात, सागावर हात बसलेला मिळत नाही. मी गेलो. मुलाखत घेणाऱ्याने जहाजाला ‘चॉल’ म्हटलं, मी त्याला रेवदंड्याशेजारचं चौल कुठे आहे ते सांगितलं, आणि नोकरी लागली. पुढे सेवानिवृत्तीपर्यंत ते सगळे चॉलच म्हणत राहिले, ती गोष्ट वेगळी.

या जहाजाची नोकरी कशी झाली ते थोडक्यात सांगतो. फ्रेंचांशी लढता लढता इंग्रजांच्या आरमाराला घरचा ओक पुरेना, म्हणून त्यांनी मुंबईच्या गोदीत जहाजं बांधून घेतली, मलबारच्या सागाची. ‘चौल’ त्यातली. आपल्या माणसांनी ती बांधली, आणि अशी बांधली की फळीत फळी खाचा पाडून बसवलेली, मध्ये सुरीचं पातंही जाऊ नये. ती इंग्लंडला पोचली तोवर लढाई संपली होती. म्हणजे रुजू होण्याआधीच सक्तीची रजा. वर लाकडी छप्पर घालून तिला एका खाडीत बांधून ठेवलं, आणि तिथे ती इतकी वर्षं पडून राहिली की तिच्याबरोबरची ओकची जहाजं कुजून मोडीत निघाली. मग कोणाला तरी आठवण झाली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांचा चोरटा व्यापार करणाऱ्यांचा पाठलाग, कॅरिबियन बेटांच्या फेऱ्या, उत्तरेच्या थंड पाण्यात मासेमारांच्या भांडणांवर देखरेख, अशी तिने अनेक वर्षं चाकरी केली. वाफेची जहाजं आल्यावर तोफा उतरवल्या आणि नवशिक्या खलाशांची शाळा केली. शेवटी गोदाम. दीडशेपेक्षा जास्त वर्षं पाण्यात, आणि अंगाचं लाकूड बहुतेक पहिलंच. आमच्या यार्डात तिला ‘ओल्ड लेडी’ म्हणत, मी मनात म्हातारी म्हणायचो.

आता कल्पना करा, अशा म्हातारीच्या अंगावर हात ठेवून दर आठवड्याला एक तरी पाहुणा म्हणणार, "आह, गुड इंग्लिश ओक!" सुरुवातीला मी समजावून सांगायचो. मग फक्त "टीक" म्हणायचो. शेवटी शेवटी मी खाली बघून काम करायचो, कारण तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती. आपले लोक तरी वेगळे असतील असं वाटत होतं. हॅरोहून एक कोच भरून मराठी मंडळी आली. मी उत्साहाने इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, मुंबईची गोदी, सांधे, सगळं दाखवायला. त्यातल्या एकाने मला विचारलं, "काका, हे सगळं ओरिजिनल आहे का? मग मेंटेनन्सचं काय प्रेशर असेल ना! बाय द वे, टॉयलेट्स कुठे आहेत?" बाकीचे तोफेवर बसून फोटो काढत होते. मी टॉयलेट्स दाखवली.

माझ्या कामातलं खरं कौशल्य हातात कमी आणि कानात जास्त. जुनी फळी चांगली की वाईट, हे बाहेरून दिसत नाही. लाकडी मोगरीने ती ठोकायची आणि ऐकायचं. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं भद्द बोलतं. शंका आली तर गिरमिटाने एक बारीक भोक पाडायचं आणि बाहेर येणारा भुसा चिमटीत घेऊन वास घ्यायचा. जिवंत सागाला नव्या चपलेसारखा चामड्याचा वास येतो. कुजलेल्याला तळघराचा. एवढंच शास्त्र. माझा जोडीदार डेरेक, तिथलाच, तीन पिढ्यांचा जहाजसुतार, तोही याच पद्धतीने चालायचा. आम्ही दोघांनी मिळून म्हातारीची एकूण एक फळी ठोकली होती. डाव्या अंगाच्या, तोफांच्या मजल्याखालच्या अकरा फळ्या तर आमच्या लाडक्या. डेरेक बाहेरच्यांना त्याच ठोकून दाखवायचा.

त्याच अकरा फळ्यांवर संक्रांत आली.

लंडनहून एक कन्सल्टंट आला. त्याचं नाव सांगत नाही, त्याची लायकी नाही. लॅपटॉप, चकचकीत बूट आणि हातात ओलावा मोजायचं यंत्र. या यंत्राला दोन टाचण्या असतात, त्या लाकडात रुतवायच्या. ओल्या लाकडातून वीज सहज जाते, कोरड्यातून जात नाही, त्यावरून काटा हलतो. नव्या घराच्या दारंखिडक्यांसाठी उत्तम यंत्र आहे. त्याने ते दोन दिवस म्हातारीला टोचलं आणि एक रंगीत तक्ता काढला. डाव्या अंगाच्या अकरा फळ्या लाल. लाल म्हणजे आतून कुजलेल्या, ताबडतोब काढा.

आता यातली मेख सांगतो. वीज पाण्यातून जाते तशी मिठामुळेही जाते. जहाजावर शाळा होती त्या काळात नवशिकी खलाशी पोरं रोज सकाळी समुद्राचं पाणी ओतून मजला घासायची, ते सगळं पाणी त्याच बाजूने उतरायचं. शिवाय लाकूड टिकावं म्हणून त्या काळी फासळ्यांच्या मधल्या पोकळीत खडेमीठ भरायची पद्धत होती. त्या अकरा फळ्या पिढ्यान्‌पिढ्या मिठात मुरलेल्या होत्या. यंत्र ओल मोजत नव्हतं, मीठ मोजत होतं. म्हातारी कुजली नव्हती, तिचं लोणचं झालं होतं, आणि म्हणूनच ती टिकली होती.

मी हे कन्सल्टंटला सांगितलं. तो म्हणाला, "इंटरेस्टिंग," आणि टाइप करत राहिला.

मग मी आमच्या डायरेक्टरकडे गेलो. त्याला इथे ग्रॅहम म्हणू या. ग्रॅहम वाईट माणूस नव्हता, त्याने आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. चहा द्यायचा, मुलीची चौकशी करायचा. त्याने मला समजावलं, "वसंत, ग्रँट मिळतेय ती अर्जंट रिपेअर्ससाठी. रिपोर्टमध्ये अर्जंट काहीतरी असायला हवं ना?" बरोबर होतं त्याचं. ठणठणीत जहाजाला कोण मदत देतो? आजारी पडल्याशिवाय औषधाचे पैसे नाहीत, म्हणून धडधाकट बाईला आजारी ठरवायची. हे त्याने इतक्या गोड आवाजात सांगितलं की मी चहा संपवून बाहेर आल्यावर मला राग आला. खरं तर तो तिथेच यायला हवा होता.

ट्रस्टींची बैठक होती, तिथे मला दहा मिनिटं मिळाली. मी तयारी केली, ओलावा मोजायचं तसलंच एक यंत्र उसनं आणलं. सागाचे दोन सारखे तुकडे घेतले. एक तसाच ठेवला, दुसरा मिठाच्या पाण्यात मुरवला आणि महिनाभर हॉलमधल्या रेडिएटरवर वाळवला. बायकोच्या कुरकुरीसकट. दोन्ही तुकडे सारखेच टणक, सारखेच हलके. इथवर सगळं ठीक होतं. पण मला वाटलं, साहेबलोकांना अजून सोपं करून दाखवावं. म्हणून निघताना मी डब्यातून एक कच्चा उडदाचा पापड काढून बॅगेत टाकला. माझ्या मेहुणीने लेस्टरला मागच्या अंगणात वाळवलेला.

सुमन, म्हणजे माझी बायको, दारात म्हणाली, "अहो, लाकडाचं दाखवताय ना? पापड कशाला नेताय?"

"गंमत बघ तू," मी म्हणालो.

बैठकीत आधी लाकडाचे तुकडे दाखवले. साध्या तुकड्यावर काटा हिरव्यात, मिठाच्या तुकड्यावर लालमध्ये. दोन्ही तुकडे त्यांच्या समोर पटाशीने फोडले, दोन्ही आतून सोन्यासारखे. टेबलाभोवतीची माणसं पुढे झुकली होती. एक म्हाताऱ्या बाई चष्मा काढून बघत होत्या. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी बॅगेतून पापड काढला, टेबलावर ठेवला, त्याला टाचण्या लावल्या. काटा सरळ लालमध्ये. "तुमच्या रिपोर्टप्रमाणे," मी म्हणालो, "माझ्या मेहुणीचा पापडही कुजलेला आहे."

आणि खोली हसली. खो खो हसली. कोणीतरी "द पॉपडम टेस्ट!" म्हणालं, कोणीतरी मँगो चटणी मागवायची का विचारलं, त्या चष्म्याच्या बाईंनी पापडाचा तुकडा मोडून कच्चाच खाल्ला. मीही हसलो. चार लोक आपल्या बोलण्यावर हसले की आपल्याला वाटतं जिंकलो. ग्रॅहम डोळे पुसत म्हणाला, "थँक यू, वसंत, दॅट वॉज वंडरफुल," आणि बैठक पुढच्या विषयाकडे गेली. आठवड्याने इतिवृत्त आलं. त्यात मीठ नव्हतं, लाकूड नव्हतं, यंत्र नव्हतं. एकच ओळ होती: वसंत यांनी मनोरंजक प्रात्यक्षिक सादर केलं. खाली: अकरा फळ्या काढण्यास मंजुरी, आणि सोबतच्या रिपोर्टवर ग्रॅहमची सही.

माझी मुलगी मीनल तेव्हा कार्डिफला युनिव्हर्सिटीत होती. तिने फोन केला. "बाबा, तुझी पापड फेमस झाला! माझ्या फ्रेंडच्या आँटी तिकडे व्हॉलंटियर आहे, ती सांगत होती." मी फोन सुमनच्या हातात दिला. पोरीवर काय चिडायचं? चिडायचं होतं ते स्वतःवर. दोन तुकडे पुरेसे होते. मला विनोदी व्हायची हौस. इंग्रजाला युक्तिवादाने जिंकता आलं नाही तर करमणूक करून खूश करायचं, ही खोड मला वीस वर्षं त्यांच्या स्वयंपाकघरांत लागली होती. ते आपल्याला आवडून घेतात, ऐकून घेत नाहीत, आणि हा फरक मला साठीपर्यंत कळला नव्हता.

फळ्या कापायच्या ठरल्या. आम्ही नाही म्हटलं असतं तर बाहेरचे कंत्राटदार येणार होते, इंजिनाच्या करवती घेऊन, आणि त्यांनी शेजारच्या दहा फळ्यांचं वाटोळं केलं असतं. म्हणून करवत मी हातात घेतली. हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं, आणि ते खरंही आहे.

पहिल्या फळीत करवत शिरली आणि सगळ्या मजल्यावर तो वास पसरला. नव्या चामड्याचा. दीडशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी कापलेलं झाड, आणि काल तोडल्यासारखं तेलकट. आत एक काळा ठिपका नाही. तांब्याचे खिळे उपसायला आम्हाला अर्धा अर्धा तास लागला, लाकूड सोडेच ना. कुजलेल्या फळीतून खिळा हाताने निघतो, हे माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. चौथ्या फळीनंतर डेरेकने करवत खाली ठेवली, कापलेल्या तोंडावर तळहात ठेवला आणि म्हणाला, "साउंड अ‍ॅज अ बेल, वॅस. इट्स मर्डर, दिस."

संध्याकाळी कागद आले. प्रत्येक फळीचा एक कागद, आधीच छापलेला: अमुक क्रमांकाची कुजलेली फळी काढून टाकली. खाली काम करणाऱ्याची सही.

डेरेकने एक कागद वाचला आणि परत दिला. "मी हे साइन करणार नाही. फळी कुजलेली नव्हती." ऑफिसातल्या मुलीने सांगितलं, ही फक्त फॉर्मॅलिटी आहे. डेरेक म्हणाला, "मग लव्ह, तूच कर." जॅकेट घेतलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. नंतर कळलं, त्याने गावाबाहेर कुंपणं घालायचं काम धरलंय. तीन पिढ्यांचा जहाजसुतार, कुंपणं.

कागद माझ्यासमोर आले. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं होती. मीनलचं शिक्षण चालू होतं. आणि आपल्या लोकांचा तो लाडका मंत्र डोक्यात होताच, कशाला नसती भानगड. परक्या देशात आहोत, खाली मान घालून काम करावं. मी त्या मंत्राला आज शिव्या देतो, तेव्हा दिल्या नाहीत. अकरा सह्या केल्या. फळ्या ट्रकमधून गेल्या. एक तुकडा ठेवून घेऊ का, असं मी विचारलं, तर "कुजलेलं लाकूड, हेल्थ अँड सेफ्टी" असं उत्तर आलं. त्यांच्या जागी आफ्रिकेतलं दुसरंच लाकूड बसवलं, पातळ पट्ट्या गोंदाने चिकटवून. पुढच्याच हिवाळ्यात त्याच्या सांध्यांतून पाणी आलं. ते मीच बुजवलं. पुढे दर हिवाळ्यात बुजवलं.

तीन वर्षांनी निरोप समारंभ झाला. सँडविच, केक, ट्रस्टी, सुमन नऊवारीत. ग्रॅहमने भाषण केलं. त्यात पापड आला, लोक हसले, मी हसलो नाही. मग त्याने भेट दिली: लाकडात बसवलेलं एक टेबलघड्याळ. सुंदर पॉलिश. मी हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघायच्या आधी लाकूड ओळखलं. माझ्या हातून गेलेलं लाकूड मला ओळखू येणार नाही का? सोबत एक प्रमाणपत्र होतं, सोनेरी काठाचं. दुकानात विकायला पन्नासेक घड्याळं आणि पेनं केली होती, असं ग्रॅहमने कौतुकाने सांगितलं, त्यातलं हे पहिलं मला.

मी प्रमाणपत्र मोठ्याने वाचलं. ‘एच.एम.एस. चौलच्या मूळ मलबारी सागापासून. बांधणीच्या दिवशी होता तितकाच आजही निरोगी आणि मजबूत.’ खाली ग्रॅहमची सही.

"ग्रॅहम," मी म्हणालो, "रिपोर्ट म्हणतो कुजलेलं. हा कागद म्हणतो निरोगी. दोन्हींवर सही तुझी आहे. खोटं कुठे लिहिलंय?"

सँडविच चावणंही थांबलं. सुमनने माझी बाही धरली. "अहो, राहू द्या ना." मी बाही सोडवून घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत मला कोणी हसत नव्हतं, आणि मला ते फार बरं वाटलं. साधारण पाच सेकंद.

ग्रॅहम चिडला नाही. म्हणालो ना, त्याने कधी आवाज चढवला नाही. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि तितक्याच गोड आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "बट वसंत, यू साइन्ड फॉर देम. ऑल इलेव्हन."

मी घड्याळ बगलेत मारलं, सुमनला घेतलं, आणि आम्ही घरी आलो.

ग्रॅहमवर मी अजून चिडलेलो आहे, त्या लंडनच्या बुटांवर आहे, हसणाऱ्या ट्रस्टींवर आहे, आणि चिडायला इतकी माणसं असली की बरं असतं, स्वतःचा नंबर उशिरा लागतो. पण लागतो. ट्रस्टच्या कपाटात आजही अकरा कागद आहेत आणि शंभर वर्षांनी कोणी या जहाजाचा इतिहास लिहायला बसला तर तो ते कागद खरे मानेल, डेरेकचं तोंडी म्हणणं कोण विचारणार? म्हणून हा बारावा कागद मी लिहितोय, मराठीत का होईना, छापून यावा एवढ्यासाठी. त्या फळ्या कुजलेल्या नव्हत्या. अकराच्या अकरा उत्तम होत्या. मला ते माहीत होतं, आणि त्या मी कापल्या.